मिजलीचे दोन खटले

थॉमस मिजली हा अमेरिकन इंजिनिअर नोव्हेंबर १९४४ मध्ये वारला, तेव्हा तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता. पर्किन, प्रीस्टली, विलर्ड गिब्ज ही रसायनशास्त्रातली मानाची पदके त्याच्या पदरी पडली होती. हे सगळे वैभव मुख्यत्वे दोन शोधांवर उभे होते. पहिला शोध टेट्राएथिल लेडचा, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या शिशाच्या संयुगाचा. दुसरा फ्रिजमध्ये भरायच्या फ्रिऑन वायूचा. पुढच्या पन्नास वर्षांत पहिल्या शोधाने जगभरातल्या मुलांच्या रक्तात शिसे पोचवले आणि दुसऱ्याने ओझोनच्या थराला खिंडार पाडले. पृथ्वीच्या वातावरणावर इतका परिणाम दुसऱ्या कोणत्याही एका जीवाने केलेला नाही, असा अभिप्राय पर्यावरणाचे इतिहासकार जॉन मॅकनील यांनी मिजलीबद्दल दिला आहे. तेव्हापासून, शोध लावून जगाचे वाटोळे करणारा माणूस कोण, असा प्रश्न निघाला की पहिले नाव त्याचेच येते.

त्याच्या मरणाची हकीकतही या निकालाला सोयीची आहे. १९४० मध्ये पोलिओ होऊन तो अंथरुणाला खिळला. उठून बसता यावे म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची एक यंत्रणा स्वतःच तयार केली आणि चार वर्षांनी तिच्याच दोऱ्यांत त्याचा गळा आवळला गेला. सरकारी नोंदीत ती आत्महत्या ठरली. ‘करावे तसे भरावे’ म्हणायला यापेक्षा नेमका शेवट कुठला मिळणार? पण पोलिओचा शिशाशी काही संबंध नव्हता, आणि एका अपंग माणसाच्या मृत्यूने कोणत्याही मुलाच्या रक्तातले शिसे कमी झाले नाही. या गोष्टीत न्यायाचा केवळ भास आहे, आणि त्या भासावर समाधान मानले की खरा प्रश्न बाजूला पडतो. संशोधकाला त्याच्या शोधाच्या परिणामांसाठी दोषी धरायचे ते कोणत्या कसोटीवर? माझे म्हणणे असे की, परिणाम किती भयंकर झाला यावरून हा निवाडा करता येत नाही. शोधाच्या दिवशी काय माहीत होते आणि पहिला इशारा आल्यावर त्या माणसाने काय केले, या दोन गोष्टी तपासाव्या लागतात. या कसोटीवर मिजलीचे दोन शोध म्हणजे दोन वेगळे खटले ठरतात आणि त्यांचे निकालही वेगळे लागतात.

पहिला खटला शिशाचा. मिजली १९१६ मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन शहरी चार्ल्स केटरिंगच्या प्रयोगशाळेत लागला. ही प्रयोगशाळा पुढे जनरल मोटर्सच्या ताब्यात आली. तिथे त्याच्यापुढे ठेवलेला प्रश्न होता इंजिनाच्या नॉकिंगचा. सिलिंडरमध्ये ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम पेटते, इंजिन ठकठक आवाज करते, शक्ती वाया जाते. दाब वाढवून इंजिन जास्त कार्यक्षम करावे तर नॉकिंग आणखी वाढते. यावर उतारा म्हणून मिजलीने आयोडीन, अॅनिलिन, सेलेनियम, टेल्युरियम असे एकेक पदार्थ पेट्रोलमध्ये घालून पाहिले. टेल्युरियमचा उग्र वास तर अंगाला असा चिकटायचा की जाता जात नसे. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड लागू पडले. हे संयुग काही नवे नव्हते, जर्मन रसायनज्ञ लोविग याने ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच बनवले होते. नवा होता तो उपयोग. गॅलनभर पेट्रोलला अगदी थोडे टेट्राएथिल लेड पुरत होते.

मात्र पर्याय नव्हता असे नाही. अल्कोहोल मिसळले तरी नॉकिंग थांबते, हे मिजलीला चांगले ठाऊक होते. त्याने अल्कोहोलमिश्रित इंधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि शिशाचा शोध लागण्याच्या दोनच महिने आधी अशा मिश्रणावर गाडी चालवूनही दाखवली होती. अल्कोहोल पेट्रोलच्या मानाने बरेच जास्त घालावे लागे, हा त्याचा खरा तोटा. दुसरी अडचण धंद्याची होती. अल्कोहोल कोणीही गाळू शकतो, त्यावर मक्तेदारी सांगता येत नाही. शिशाच्या मिश्रणाचे पेटंट मात्र घेता येत होते. १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी यांनी मिळून एथिल गॅसोलिन कॉर्पोरेशन काढले. केटरिंग तिचा अध्यक्ष झाला आणि मिजली उपाध्यक्ष. पंपावर विकताना नाव फक्त ‘एथिल’ ठेवले गेले. शिसे हा शब्द त्यात कुठेही नव्हता.

आता शोधाच्या दिवशी काय माहीत होते ते पाहू. शिसे विषारी आहे ही तेव्हाची नव्हे, रोमन काळापासूनची जुनी माहिती. शिशाच्या नळातून येणारे पाणी अपायकारक असते, असे वास्तुविशारद विट्रुव्हियसने लिहून ठेवले आहे. बेंजामिन फ्रँकलिन मूळचा मुद्रक. खिळे हाताळणाऱ्या कामगारांचे हात कसे लुळे पडतात, ते त्याने १७८६ च्या एका पत्रात नोंदवले, आणि ही गोष्ट साठाहून अधिक वर्षे माहीत असूनही लोकांच्या गळी कशी उतरत नाही, याचे आश्चर्यही केले. आपल्याकडे ऑफसेट येईपर्यंत ज्या खिळ्यांनी मराठी पुस्तके आणि मासिके छापली गेली ते याच धातूच्या मिश्रणाचे. म्हणजे धोका एखाद्या प्रयोगशाळेचे गुपित नव्हता. कारखान्यात आणि छापखान्यात राबणाऱ्यांच्या अंगावर तो दिसत होता. आणि सर्वांत बोलका पुरावा तारखेचा आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने घरांच्या आतल्या रंगकामात पांढरे शिसे वापरण्यावर निर्बंध घालणारा करार मंजूर केला. मिजलीला त्याचा पदार्थ सापडला तो त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी. एकीकडे जग शिसे घरातून बाहेर काढायला निघाले होते, त्याच सुमारास डेटनमध्ये ते रस्त्यावर आणायची तयारी सुरू झाली.

इशारेही वेळेवर आले. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या एका शास्त्रज्ञाने या पदार्थाच्या धोक्याकडे वरिष्ठांचे लक्ष वेधले, आणि खुद्द सर्जन जनरलने कंपनीकडे विचारणा केली. मिजलीने उत्तर धाडले की या प्रश्नाचा गंभीरपणे विचार केलेला आहे, मात्र प्रत्यक्ष प्रयोग करून काही माहिती जमवलेली नाही. रस्त्यावर शिसे इतके कमी असेल की ते बहुधा सापडणारही नाही. हे पत्र लिहिले गेले त्या सुमारास तो स्वतःच आजारी होता. शिशाच्या संयुगांवर वर्षभर काम केल्याने तब्येत बिघडली होती, आणि १९२३ च्या सुरुवातीला हवापालटासाठी त्याला फ्लोरिडाला जावे लागले. ‘सापडणारही नाही’ या दाव्यात आणखी एक खोच होती. जळलेल्या शिशाची राख व्हॉल्व्हवर साचून इंजिन खराब होई. म्हणून मिश्रणात ब्रोमीनचे एक संयुग घालण्यात आले. त्याच्याशी संयोग पावून शिशाची वाफ होते आणि ती धुराड्यातून बाहेर पडते. याचा अर्थ सरळ आहे. शिसे इंजिनात राहू नये, बाहेर जावे, अशीच ती रचना होती, आणि ती मिजलीच्याच चमूने केली होती. इंजिनाच्या आरोग्याची काळजी घेणाऱ्यांना बाहेर उभ्या माणसाच्या आरोग्याचा विचार सुचला नसेल, असे मानणे कठीण आहे.

मग ऑक्टोबर १९२४ उजाडला. न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात टेट्राएथिल लेड बनवणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. काहींना आवरायला बांधून न्यावे लागले. पाच जण दगावले, तीसहून अधिक आजारी पडले. डेटन आणि ड्यूपाँटच्या कारखान्यांतही बळी गेले होते. अति कामाने ही माणसे वेडी झाली असतील, असे कंपनीच्या बाजूने पत्रकारांना सांगण्यात आले. ३० ऑक्टोबरला न्यू यॉर्कमध्ये पत्रकार परिषद भरली. मिजलीने सर्वांसमक्ष टेट्राएथिल लेड हातांवर ओतून घेतले, बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली, आणि हे आपण रोज केले तरी काही होणार नाही असे सांगितले. विषाची परीक्षा पाहू नये म्हणतात. मिजलीने ती पाहिली, पण तिचा निकाल त्याच्या स्वतःच्या अंगावर आधीच उमटून गेला होता. माझ्या मते पहिल्या खटल्यात त्याला दोषी ठरवायला हे एक मिनिट पुरेसे आहे. १९२१ चा शोध क्षम्य मानता येईल. १९२४ ची ती पत्रकार परिषद मात्र तज्ज्ञाच्या प्रतिष्ठेचा वापर करून लोकांना फसवणारी होती.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: ही सगळी पश्चातबुद्धी आहे, आजच्या ज्ञानाने तेव्हाच्या माणसाला का मोजावे? आक्षेप रास्त आहे, पण तो इथे लागू पडत नाही. मे १९२५ मध्ये सर्जन जनरलने वॉशिंग्टनला परिषद बोलावली तेव्हा विक्री थांबलेलीच होती. हार्वर्डच्या अॅलिस हॅमिल्टन औद्योगिक विषबाधेच्या नामांकित तज्ज्ञ होत्या. जिथे शिसे आहे तिथे शिशाची विषबाधा होतेच, असे त्यांनी बजावले. येलचे यँडेल हेंडरसन यांनी धोका कारखान्यापुरता नाही, रस्त्यावर हळूहळू साचत जाणाऱ्या शिशाचा आहे, हे स्पष्ट केले. स्टँडर्ड ऑइलच्या प्रतिनिधीने उलट या पदार्थाला जणू देवाची देणगी म्हटले. म्हणजे आज आपण जो निवाडा देतो तो त्याच सभागृहात, त्याच लोकांच्या तोंडावर दिला गेला होता. समकालीनांनी वेळेवर उच्चारलेला इशारा ऐकून न घेणाऱ्याला आपण दोष देतो, तेव्हा त्यात काळाचा घोळ होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मिजली पगारी नोकर होता. प्रश्न केटरिंगने दिला, पैसा जनरल मोटर्सने घातला, परवानगी सरकारने दिली. मग सगळे खापर एकट्याच्या माथी का? इथे अर्धे म्हणणे मान्य करावे लागते. मिजलीलाच खलनायक ठरवणाऱ्या गोष्टी कंपन्यांना आणि सरकारला अलगद सोडवतात. १९२५ च्या परिषदेनंतर नेमलेल्या समितीने सुमारे सात महिन्यांत २५२ माणसे तपासली आणि जानेवारी १९२६ मध्ये बंदी घालण्यास पुरेसे कारण नाही असे कळवले. पण वापर वाढल्यावर काय होते ते पाहण्यासाठी सरकारने अभ्यास चालू ठेवावा, अशी शिफारसही केली. विक्री पुन्हा सुरू झाली आणि शिफारस बासनात गेली. पुढची जवळपास चाळीस वर्षे हा अभ्यास उद्योगाच्याच पैशाने, बहुतांशी रॉबर्ट किहो या एका डॉक्टरच्या देखरेखीखाली झाला. हे पाप मिजलीचे नव्हे. पण जबाबदारी अनेकांत वाटली गेली म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला शून्य येत नाही. पर्याय माहीत असलेला, आजार भोगलेला आणि तरीही बाटली हुंगून दाखवणारा माणूस त्या साखळीत एकच होता.

फायद्याचा मुद्दाही पुढे केला जातो. शिशाच्या पेट्रोलमुळे जास्त दाबाची इंजिने आली, इंधन वाचले, दुसऱ्या महायुद्धात विमानांना ताकदीचे पेट्रोल मिळाले. हे खरे आहे. पण फायदा घेणारा आणि किंमत मोजणारा एकच असता, तर हा हिशेब मांडता आला असता. गाडी चालवणाऱ्याला वेग मिळाला. रस्त्यालगतच्या घरात रांगणाऱ्या मुलाला शिसे मिळाले, आणि त्याला कोणी विचारले नव्हते. मिजली प्रामाणिकपणे निर्धास्त होता, नाहीतर त्याने स्वतःचे हात त्यात का घातले असते, असेही म्हणतात. असेलही. पण स्वतःवर धोका ओढवून घेण्याच्या धाडसाने दुसऱ्यावर तो लादण्याचा अधिकार मिळत नाही.

दुसऱ्या खटल्यात चित्र पालटते. १९२० च्या दशकातले फ्रिज अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मेथिल क्लोराइड अशा वायूंवर चालत. नळी फुटली तर घरातली माणसे झोपेतच मरत. १९२९ मध्ये शिकागोत मेथिल क्लोराइडच्या गळतीने असे मृत्यू झाले. केटरिंगने १९२८ मध्ये मिजलीला विचारले, की विषारी नाही आणि पेटत नाही असा वायू मिळेल का? मिजली आणि त्याचे सहकारी अल्बर्ट हेन व रॉबर्ट मॅक्नॅरी यांनी मूलद्रव्यांचा तक्ता पुढे ठेवून फ्लोरिनच्या संयुगांकडे मोर्चा वळवला. वायू बनवायला लागणाऱ्या अँटिमनी ट्रायफ्लोराइडच्या पाच छोट्या बाटल्या त्यांनी मिळवल्या. पहिल्या बाटलीतून तयार केलेल्या वायूत गिनीपिग ठेवला. त्याला काहीच झाले नाही. दुसऱ्या बाटलीच्या वायूत गिनीपिग मेला. तपासल्यावर कळले की पाचांपैकी चार बाटल्यांमधला माल पाण्याचा अंश असलेला होता आणि त्यामुळे फॉस्जीन हा जहाल वायू तयार होत होता. योगायोगाने शुद्ध बाटली आधी हाती लागली. नाहीतर हा मार्ग आपण सोडून दिला असता, असे मिजलीने पुढे स्वतःच सांगितले. १९३० मध्ये अटलांटाच्या सभेत त्याने तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. वरवर पाहता हा १९२४ चाच खेळ, पण या वेळी त्याने जे दाखवले ते खरे होते. हा वायू हुंगून माणूस मरत नाही आणि त्याने आग लागत नाही.

या शोधाच्या दिवशी काय माहीत होते? ओझोन कसा बनतो आणि कसा मोडतो याचा सिडनी चॅपमनचा सिद्धान्त त्याच वर्षी, १९३० मध्ये आला. हवेतला इतका विरळ वायू मोजू शकणारे साधन जेम्स लव्हलॉकने १९५० च्या दशकात बनवले आणि फ्रिऑनसारखे वायू वातावरणात साचत असल्याचे त्याने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले. हे वायू वर स्थितांबरात जाऊन अतिनील किरणांनी फुटतात आणि सुटलेला क्लोरिन ओझोन खातो, हे मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी मांडले ते १९७४ मध्ये. तेव्हा मिजलीला जाऊन तीस वर्षे झाली होती. कोणी म्हणेल, इतका टिकाऊ वायू शेवटी जाणार कुठे, हा प्रश्न एखाद्या रसायनज्ञाला पडायला हवा होता. पडला असता तरी उत्तर शोधायला त्याच्या हाती ना सिद्धान्त होता ना उपकरण. शिवाय जमिनीवर जो गुण तो वर आकाशात दोष ठरणार होता: कशाशीही संयोग न पावणे. ज्या गोष्टीचे उत्तर त्या काळात कोणाकडेच नव्हते, तिच्यासाठी एकाला आरोपी करणे हा अन्याय आहे. या खटल्यात मिजली निर्दोष सुटतो. इतकेच नाही, विषारी वायूंच्या फ्रिजपासून लोकांना वाचवल्याचे श्रेयही त्याला द्यावे लागते.

फ्रिऑनचा हिशेब मागायचा तो १९७४ नंतरच्या लोकांकडे, आणि त्यांच्यातही सगळे सारखे नव्हते. उद्योगाने आधी शंका काढून वेळ घालवला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनची मोठी घट ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केली, १९८७ मध्ये अशा वायूंवर निर्बंध घालणारा माँट्रियल करार झाला आणि १९८८ मध्ये ड्यूपाँटने हे वायू बनवणे थांबवण्याची घोषणा केली. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला. आपल्याकडे फ्रिजमध्ये ‘गॅस भरून’ देणाऱ्या मेकॅनिककडचे सिलिंडर त्यानंतर टप्प्याटप्प्याने बदलले, आणि २०१० पर्यंत विकसनशील देशांनीही क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे फ्रिऑनच्या जातीचे वायू, सोडले. इशाऱ्यापासून बंदीपर्यंत साधारण छत्तीस वर्षे लागली. शिशाच्या बाबतीत १९२५ च्या इशाऱ्यापासून मोजले तर अल्जीरियातल्या पंपावर शेवटचे शिसेयुक्त पेट्रोल संपायला २०२१ उजाडले. भारतात ते २००० मध्ये थांबले. फ्रिऑनचे रसायन समजायला कितीतरी अवघड, शिशाचे विष जगाला दोन हजार वर्षे परिचित. तरी अवघड प्रश्न लवकर सुटला. कळण्याला किती वेळ लागला, यापेक्षा कळल्यावर कोणी काय केले याने जास्त फरक पडतो, याचा हा पुरावा.

शिशाला एवढा उशीर का झाला, याचे एक मोठे कारण सिद्ध करण्याचा भार कोणावर टाकला त्यात आहे. किहोचा नियम असा होता, की अपाय झाल्याचे दाखवा, मग आम्ही थांबू. शिसे थोडेफार सगळ्यांच्याच रक्तात असते, तेव्हा ते नैसर्गिकच, हा त्याचा युक्तिवाद होता. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन पृथ्वीचे वय मोजत असताना त्याच्या प्रयोगांत सतत बाहेरचे शिसे मिसळायला लागले. त्याचा माग काढत त्याने १९६५ मध्ये दाखवून दिले की माणसाच्या अंगात आढळणारे शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट आहे. सगळीकडे आढळते म्हणून ते निसर्गाचे ठरत नाही; सगळीकडे ते पसरवले गेले होते. संशय येताच तपासणीचा भार विकणाऱ्यावर टाकला असता आणि तपासणारा त्याच्या पगारावर नसता, तर पॅटरसनची वाट पाहावी लागली नसती. अल्कोहोलचा मार्गही तेव्हापासून उघडाच होता. २००१ मध्ये मिरज आणि मनमाड इथे इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले आणि आज देशातल्या पेट्रोलमध्ये साखर कारखान्यांचे इथेनॉल मिसळले जाते. त्यामागची कारणे परकीय चलनाची आणि उसाची आहेत. पण १९२१ मध्ये डेटनला बाजूला सारलेला पर्याय अव्यवहार्य नव्हता, एवढे त्यावरून नक्की कळते.

म्हणून मिजलीचे दोन शोध एकाच पोत्यात घालून त्याला शतकातला सर्वांत घातक संशोधक ठरवणे सोपे असले तरी त्यातून काही शिकता येत नाही. तसे केले की फ्रिऑनच्या निष्पाप चुकीची सावली शिशावर पडते आणि शिसेही ‘कुणाला काय माहीत होते’ या सबबीखाली लपते. संशोधकांनी सर्वज्ञ असावे, अशी अपेक्षा कोणी करू नये; तशी केली तर कोणी नवे काही करायलाच धजणार नाही. त्यांच्याकडून मागायचे ते थोडके आहे: जे माहीत आहे ते लपवू नये, आणि आपल्या मालाची शंका घेणाऱ्याला तपासू द्यावे. मिजलीने हे १९२४ मध्ये केले नाही, आणि त्या दिवसाचा दोष त्याच्याकडेच राहतो. त्यानंतरच्या चाळीस वर्षांचा दोष मात्र विषाची तपासणी ते विकणाऱ्यांच्याच हाती सोपवणाऱ्या सरकारचा आहे, आणि आज एखादे नवे रसायन किंवा नवे तंत्र बाजारात येताना तीच व्यवस्था चालू ठेवणाऱ्यांना ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.